रंग भरा, पण आधी बघा

१२ ऑगस्टला आपल्याकडे राष्ट्रीय ग्रंथपाल दिन असतो. हे वाचून ‘अच्छा, असाही दिन असतो होय!’ असं वाटलं असेल तर लाजू नका, तुम्ही बहुमतात आहात. पण घरात किंवा नात्यात शाळेत जाणारं पोर असेल तर हा दिवस तुमच्यापर्यंत पोचण्याची बरीच शक्यता आहे. आदल्या रात्री साडेनऊला पालकांच्या ग्रुपवर मेसेज येतो, ‘उद्या सर्व मुलांनी लायब्ररी टीचरसाठी थँक्यू कार्ड रंगवून आणावे.’ मग आई किंवा बाबा इंटरनेटवर शोधाशोध करतात, पहिलं जे चित्र दिसेल त्याचा प्रिंटआउट काढतात (घरचा प्रिंटर नेमका तेव्हाच रुसतो), पोर पेंगत पेंगत रंग भरतं, उरलेलं आभाळ आई भरते आणि कागद दप्तरात जातो. झाली कृतज्ञता.

मला या प्रकाराची टिंगल करायची नाहीये. उलट मुलांनी ग्रंथपालाचे आभार मानावेत, आणि ते खडूंनी मानावेत, हे मला मनापासून पटतं. पहिली-दुसरीतल्या मुलाला भाषण येत नाही, निबंध येत नाही, ‘ऋण’ हा शब्द तर बँकेची पायरी चढेपर्यंत कळत नाही. पण खडू येतो. तेव्हा साधन एकदम बरोबर आहे. चुकतो तो क्रम. आपण मुलाला आधी रंग भरायला लावतो, आणि ज्याचे आभार मानायचे तो माणूस काय करतो हे बघायला त्याला कधी नेतच नाही.

तो प्रिंटआउट एकदा नीट बघा. बहुतेक वेळा त्यात केसांचा अंबाडा घातलेली, चष्मा लावलेली एक बाई असते. हातात पुस्तकांची चळत, मागे एखादा पृथ्वीचा गोल आणि खाली गुबगुबीत अक्षरांत थँक्यू. कारण उघड आहे. अमेरिकेत १९५८ पासून राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह पाळतात, तो एप्रिलमध्ये येतो, आणि तिथल्या शिक्षकांनी तिथल्या मुलांसाठी असली ढीगभर चित्रं केलेली आहेत. त्यांच्या जागी ती ठीकच आहेत. पण आपल्या पोराच्या शाळेतले ग्रंथपाल म्हणजे बुशशर्ट घातलेले, खिशाला दोन पेनं अडकवलेले सर असतील, किंवा पदर खोचून कपाटावरच्या गठ्ठ्यातून काहीतरी उपसणाऱ्या मॅडम असतील, तर ते पोर नक्की कोणाला रंगवतंय? ते कार्ड हातात पडल्यावर सर हसून ‘वा!’ म्हणतील, कारण माणूस सभ्य आहे. पण त्या कागदावर ते नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, भावना महत्त्वाची. मान्य. पण भावना कशाबद्दल? ‘लायब्ररी टीचर काय करतात?’ असं कुठल्याही दुसरीतल्या मुलाला विचारून बघा. ‘पुस्तक देतात’ आणि ‘शू… म्हणतात’ ही दोन उत्तरं येतील. खरं सांगायचं तर मोठ्यांना विचारलं तरी तिसरं उत्तर येणार नाही.

आमच्या आयटीवाल्यांना हे दुखणं चांगलं कळायला हवं. सर्व्हर नीट चालू असतो तेव्हा सिस्टिम अॅडमिन नावाचा प्राणी कंपनीत आहे हे कोणाच्या गावीही नसतं. सर्व्हर झोपला की पाच मिनिटांत पन्नास लोकांना त्याचा नंबर हवा असतो. म्हणूनच २००० साली एका अमेरिकन सिस्टिम अॅडमिननेच जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी आपल्या जातभाईंसाठी एक आभार-दिन सुरू केला. ग्रंथपालाचं तसंच आहे. पुस्तक जागेवर सापडलं की आपल्याला वाटतं ते तिथे होतंच. ते तिथे *कोणीतरी ठेवलं* होतं हे लक्षात येत नाही. चांगलं झालेलं काम दिसेनासं होतं, ही या कामातली मोठीच पंचाईत.

मग दिसत नाही असं काय काय असतं? नवीन पुस्तक आलं की ते दाखल नोंदवहीत चढवायचं, त्याला दाखल क्रमांक द्यायचा. ठरलेल्या पानांवर शिक्का मारायचा. विषय ठरवायचा, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची. ड्यूई दशांश पद्धत असेल तर ५२३ म्हणजे ग्रह-तारे, ५९८ म्हणजे पक्षी, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. पोरांनी फाडलेली पानं चिकटवायची, सुटलेली पुस्तकं बांधणीला पाठवायची. पावसाळ्यात बुरशी, बाराही महिने कसर आणि नशीब फुटकं असेल तर वाळवी. वर्षाकाठी सगळी पुस्तकं नोंदवहीशी ताडून बघायची आणि ‘हे पुस्तक गेलं कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर लेखी द्यायचं. हे सगळं करून झाल्यावर खरं काम सुरू होतं. समोर उभं राहून ‘मला वाघाचं पायजे, पण त्यात वाघ मरायला नको’ असं म्हणणाऱ्या पोराला नेमकं पुस्तक काढून देणं. हे सर्च इंजिनाला विचारून बघा, काय येतं ते :)

ज्यांच्या जन्मदिवसामुळे १२ ऑगस्ट ही तारीख ठरली त्या एस. आर. रंगनाथन यांची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे, आणि इंजिनिअर आईबापांना तर फारच आवडेल अशी. १८९२ साली जन्मलेला हा माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेले. तिथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या, तेच नट, तेच बोल्ट, आणि जोडणी बदलली की दर वेळी वेगळं खेळणं तयार. पुस्तकांच्या विषयांचंही असंच सुट्या भागांतून जोडकाम करता येईल, ही कल्पना त्यांना तिथे सुचली आणि पुढे १९३३ साली त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध झाली. आपण ज्याला मॉड्युलर डिझाइन म्हणून मिरवतो ते या गृहस्थांनी पुस्तकांच्या बाबतीत तेव्हाच करून ठेवलंय, तेही एक खेळणं बघून! त्याआधी १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली होती. पुस्तकं जपून कुलपात ठेवायला नसून वापरायला असतात, हा पहिल्या सूत्राचा आशय. वाचकाचा वेळ वाचवायचा, हा चौथ्याचा. ही दोन सूत्रं मी पुढे वापरणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

तर माझा प्रस्ताव साधा आहे. कागद आणि खडू हातात देण्याआधी मुलाला अर्धा तास ग्रंथालयात न्या आणि बघत बसू द्या. पुस्तक बदलून पाच मिनिटांत बाहेर, असं नाही. नुसतं बसायचं आणि बघायचं.

माझी भाची दुसरीत आहे. तिच्या शाळेतल्या कार्डाच्या निमित्ताने मी एका शनिवारी तिला जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नेलं. बालविभाग म्हणजे कोपऱ्यात दोन कपाटं आणि एक सतरंजी. काउंटरवरच्या बाईंना आधी विचारलं, ‘ही तुमचं काम बघत बसली तर चालेल का?’ बाई जरा चपापल्या. इतक्या वर्षांत असं कोणी विचारलं नसावं. मग म्हणाल्या, ‘बसू दे की, पण बघण्यासारखं काय आहे इथे?’ अर्ध्या तासानंतर भाचीने जे काढलं त्यात बाईंचा चेहरा जेमतेम रुपयाएवढा होता. हात मात्र हा एवढा मोठा, कारण त्या हाताने बाई शिक्का आपटत होत्या आणि त्या आवाजावर भाची जाम खूश होती. टेबलावर डिंकाची बाटली होती, झाकण लावायचं राहिलेलं. एक आजोबा होते, ज्यांना स्वतःला हव्या असलेल्या पुस्तकाचं नाव आठवत नव्हतं. आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं पुस्तक काढणारे वाचनालयातले शिपाईमामा होते. मामांना तिने सगळ्यात भडक केशरी रंग दिला. का, तर म्हणे ते सगळ्यात उंच गेले होते.

बाईंनी ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘आजोबांचं पुस्तक मी शोधून दिलं, ते कुठे दाखवलंस?’ भाचीने चित्र परत घेतलं, आजोबांच्या हातात एक निळं पुस्तक काढलं आणि परत दिलं. माझ्या मते आभार तिथे मानले गेले. एकीने दुसरीचं काम पाहिलं होतं, आणि दुसरीला ते पाहिलं गेल्याचं कळलं होतं. ‘थँक्यू’ हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता.

लहान मुलांचं काय, असा रास्त प्रश्न येईल. तीन-चार वर्षांच्या पिल्लाला माणूस काढता येत नाही, त्याला रेषांच्या आत रंग भरायलाच आवडतं. भरू दे ना. फक्त रेषा आपल्या असू द्या. ग्रंथपालांची परवानगी घेऊन त्यांच्या कामाचा एक फोटो काढा, साध्या कागदावर मोठा छापा, खिडकीच्या काचेवर धरून वर दुसरा कागद ठेवा आणि जाड पेनाने ठळक रेषा गिरवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, चित्रकला यावी लागत नाही. आता पोर ज्यात रंग भरेल ते त्याच्याच ग्रंथालयाचं टेबल, त्याच्याच सरांची पेनं आणि त्याच मोडक्या दाराचं कपाट असेल. चित्रातली साडी हिरवी करू की जांभळी, असं विचारत पोर पुढच्या खेपेला मॅडमच्या साडीकडे बघेल. हे बघणं सुरू झालं की निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे रंगवलेला कागद कामाला आला पाहिजे. रंगनाथनांचं पहिलं सूत्र जरा ताणून म्हणतो, आभारसुद्धा वापरायला असावेत. चाळीस मुलांची चाळीस कार्डं ग्रंथपाल ठेवणार कुठे? आठवडाभर भिंतीवर, मग खणात, मग रद्दीत. त्यापेक्षा मुलांना बुकमार्क रंगवायला द्या. जाड कागदाची बोटभर रुंद पट्टी, एका बाजूला आवडत्या पुस्तकातलं चित्र, दुसऱ्या बाजूला ‘पान दुमडू नका, मला ठेवा.’ चाळीस पट्ट्या काउंटरवरच्या डब्यात ठेवल्या की पान दुमडणारी चाळीस पोरं तरी कमी होतील. किंवा कपाटांसाठी चित्रांच्या पाट्या. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला ‘५९८’चा काय उपयोग? पण त्या आकड्याशेजारी कोणी रंगवलेला खंड्या चिकटवला तर बालवाडीतलं पोरही पक्ष्यांच्या पुस्तकांपर्यंत एकटं पोचेल. वाचकाचा वेळ वाचला, ग्रंथपालाचाही. काही बालग्रंथालयांत सोप्या-अवघड पातळीप्रमाणे पुस्तकांच्या पाठीवर रंगीत ठिपके लावतात. तिथे तर रंग हाच ग्रंथपालाच्या कामाचा भाग आहे. ग्रंथपाल सांगतील त्या मापाने, सांगतील त्या रंगाने मुलांनी ते ठिपके रंगवून द्यावेत. चौकटीच्या आत रंग भरायला शिकण्याचं याहून चांगलं कारण मला तरी सुचत नाही.

यात एक गंमत अशी की ग्रंथपालाला सगळ्यात जास्त धास्ती असते ती खडूचीच. बालविभागातलं एखादं पुस्तक उघडा, सशाला मिशा आणि राजाला गॉगल कोणीतरी काढलेला असतोच. तेव्हा रंगकामाच्या तासाला हा नियमही सांगून टाकावा. हा कागद तुझा, त्यावर हवं ते कर. ते पुस्तक तुझ्यानंतर येणाऱ्या मुलाचं, त्यावर एक रेघही नाही. आभारपत्र देऊन रंगवलेलं पुस्तक परत करणाऱ्या मुलापेक्षा, काहीच न देता स्वच्छ पुस्तक वेळेवर परत करणारा ग्रंथपालाला जास्त प्रिय असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

इथपर्यंत सगळं गोड गोड झालं. आता थोडं कडू. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. गावोगावची हजारो वाचनालयं शासनाच्या अनुदानावर चालतात. पण तिथे काम करणाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी वर्षानुवर्षं मागणीच राहिली आहे. अनुदानातून हातात येणाऱ्या पैशात घर चालवणं अवघड, म्हणून गावातला ग्रंथपाल बहुतेकदा दुसरं काहीतरी करून वाचनालय उघडतो. शाळांचंही तेच. ग्रंथपालाचं पद पटसंख्येवर ठरतं, ‘अर्धवेळ ग्रंथपाल’ ही जमात त्यातूनच आली. लहान शाळेत तर कुठल्या तरी बाईंकडे कपाटाची किल्ली असते, एवढंच ग्रंथालय. आणि मोठमोठ्या फिया घेणाऱ्या शहरी शाळांत ग्रंथालयाची खोली वातानुकूलित असते, पण ग्रंथपाल मॅडम रजेवरच्या शिक्षकांचे तास घेत फिरत असतात.

अशा वेळी मुलांच्या हातून रंगीत कार्ड पाठवणं हा स्वस्तातला सौदा होऊ शकतो. ‘तुमचा पगार वाढवत नाही, पण हा घ्या इंद्रधनुष्य.’ हापिसात अॅप्रेझलच्या वेळी पगारवाढीऐवजी ‘स्टार परफॉर्मर’ असं छापलेला मग मिळाला की आपल्याला कसं वाटतं ते आठवा. म्हणून मी म्हणतो, खडू मुलाच्या हातात द्या आणि पेन स्वतःच्या. मूल चित्र काढेल तेव्हा आपण शाळेला दोन ओळींचं पत्र लिहू. आमच्या मुलांना आठवड्यातून एक तास ग्रंथालयाचा मिळतो का? तो तास बुडवून तिथे गणित घेतात का? ग्रंथपाल पूर्णवेळ आहेत का? घराजवळच्या वाचनालयाचं वर्गणीदार होऊ. एका पिझ्झ्याच्या पैशात काही महिन्यांची वर्गणी भागते. हे मोठ्यांच्या वाटणीचं रंगकाम.

आणि मुलांच्या चित्रांचा इथे खरोखर उपयोग आहे. काम न दिसणाऱ्याचं पद सगळ्यात आधी कापलं जातं, हे मंदीच्या काळात आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. संस्थाचालकांच्या बैठकीत ‘ग्रंथपाल करतात काय?’ असा प्रश्न निघतो तेव्हा बहुतेकदा कोणाकडे उत्तर नसतं. शाळेच्या व्हरांड्यात चाळीस चित्रं लावलेली असू देत. एकात ग्रंथपाल पुस्तकाला डिंक लावतायत, एकात पावसाने भिजलेली पुस्तकं पंख्याखाली उघडी ठेवतायत, एकात रडणाऱ्या मुलाला चित्रांचं पुस्तक देतायत. मग तो प्रश्न विचारणाऱ्याला व्हरांड्यातूनच जावं लागेल. अंबाडेवाल्या बाईची एकसारखी चाळीस चित्रं हे काम करू शकत नाहीत.

रंगवायला विषय कमी पडतील अशी भीती नको. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आणलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. त्यात गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या होत्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा २००९ साली सुरू झालेला उपक्रमही पुस्तकांच्या पेट्यांचाच. पेटी उघडताना भोवती जमलेली माणसं, हे काढायला कुठल्या मुलाला आवडणार नाही?

१२ ऑगस्ट हुकला तरी काही बिघडत नाही. १४ ते २० नोव्हेंबर आपल्याकडे राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह असतो, आणि त्याचा पहिला दिवस म्हणजे बालदिनच. तोवर एखादा वीकांत मोकळा काढा. मॉलऐवजी वाचनालयात जा. जाताना खडूची पेटी घ्या, पण ती पिशवीतच राहू द्या. मुलाला एवढंच सांगा, ‘त्या काकू काय करतायत ते बघ आणि बाहेर आलो की मला सांग.’ बाहेर आल्यावर त्याने तीन गोष्टी सांगितल्या तर कागद द्या. एकच सांगितली तर पुढच्या शनिवारी परत जा. पुस्तकं तर तोवर बदलायला झालेली असतीलच.